पाय न टेकता

स्कीइंग करणाऱ्या लोकांपुढे दर वर्षी एक प्रश्न उभा राहतो. बर्फ वितळला, आता काय करायचं? आपल्याकडे पाऊस संपला की धबधबे आटतात आणि भुशी डॅमवरची गर्दी ओसरते, तसंच त्यांच्या डोंगरातल्या गावांचं होतं. हिवाळाभर गजबजलेली हॉटेलं ओस पडतात, माणसांना वर नेणाऱ्या लिफ्ट थांबतात आणि तरणी पोरं रिकामी बसतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट नावाचं असंच एक गाव आहे. १९७६ साली तिथल्या काही उचापती मंडळींनी जुन्यापान्या, जड, एकाच गिअरच्या सायकली बाहेर काढल्या आणि पर्ल पास नावाची खिंड ओलांडून पलीकडच्या अ‍ॅस्पन गावाला जायचं ठरवलं. खिंडीची उंची ३,८०० मीटरच्या वर. चढावर सायकल माणसाला नेत नव्हती, माणूसच सायकलला नेत होता!

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियाहून काही जण याच वाटेवर आले. त्यांच्यात एक बाईही होती. त्यांच्या सायकली तशाच जाड टायरच्या होत्या, पण त्यांना डिरेलर गिअर बसवलेले होते. गाववाले जिथे खाली उतरून सायकल ढकलत होते, तिथल्या बऱ्याच चढांवर हे पाहुणे सीटवर बसून पेडल मारत होते. धापा टाकत, गोगलगायीच्या वेगाने, पण बसून!

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. माउंटन बाइकिंग नावाचा खेळ वाढला आणि स्कीच्या डोंगरांना उन्हाळ्यातही काम मिळालं. १९९० साली या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तीही कोलोरॅडोतल्या ड्युरँगोजवळच्या पर्गेटरी नावाच्या स्की रिसॉर्टवर. बायकांची क्रॉस-कंट्री शर्यत जिंकली ज्युली फुर्टाडोने. ही मुलगी आधी अमेरिकेच्या स्की टीममध्ये होती. गुडघ्यांच्या दुखापतींमुळे तिचं स्कीइंग सुटलं आणि ती सायकलकडे वळली.

मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. त्यामुळे हे सगळं वाचताना मला माणसांपेक्षा त्या सुट्या भागाचंच जास्त कुतूहल वाटलं. १९७६ आणि १९७८ मध्ये डोंगर तोच, वाट तीच, हवा तेवढीच विरळ. फरक एका यंत्राचा. हे यंत्र आलं कुठून? शोधत शोधत मी फ्रान्समधल्या एका रेशमाच्या व्यापाऱ्यापाशी पोचले. १९३० साली तो वारला. माउंटन बाइक हा शब्दसुद्धा त्याने कधी ऐकला नाही. पण सायकल डोंगरावर न्यायचीच, आणि तीही वर बसून, हा हट्ट त्याने जन्मभर धरला आणि त्यासाठी आपल्या काळातल्या सर्वांत वजनदार माणसाशी वाद घातला. त्याचं नाव पॉल द विवी. फ्रान्समध्ये लोक त्याला ओळखतात त्याच्या टोपणनावाने, वेलोसियो.

(कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी डोकावतं आणि फ्रेंच उच्चारांची तर बोंबच आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.)

पॉलचा जन्म २९ एप्रिल १८५३ चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावातला. मोठा झाल्यावर त्याने सेंट-एतिएन शहरात रेशमाचा व्यापार सुरू केला आणि त्यात चांगला जम बसवला. लॅटिन आणि ग्रीक वाचणारा, घरसंसार असलेला, चार पैसे गाठीला असलेला गृहस्थ. अशा माणसाने संध्याकाळी आरामखुर्चीत बसावं, अशी जगाची अपेक्षा असते. पण १८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने एक सायकल विकत घेतली. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे हे भलंमोठं चाक, मागे चिमुकलं चाक आणि माणूस त्या मोठ्या चाकाच्या डोक्यावर. त्यावरून पडलं की थेट तोंडावरच! एका मित्राने पैज लावली, सहा तासांत १०० किलोमीटर जाऊन दाखव. पॉल ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातून निघाला आणि त्या दिवसापासून तो डोंगराचा झाला, तो कायमचाच.

सेंट-एतिएन शहराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते नसतं तर ही गोष्टच घडली नसती. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फिती विणणारे माग, असं ते कामगारांचं शहर. थोडक्यात, लोखंडाला आकार देणारे हात तिथे गल्लोगल्ली होते. आणि शहराच्या चहूबाजूंना डोंगर. दक्षिणेकडे निघालं की लगेच चढ लागतो तो कोल द ला रेपुब्लिक या खिंडीचा. खिंड १,१६१ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्यापेक्षा थोडी कमीच. शहरापासून तेराएक किलोमीटरचा रस्ता आणि सहाशेएक मीटरचा चढ. तुम्ही सपाट गावात राहत असाल तर सायकलला गिअर हवा, हे तुमच्या डोक्यात येणारच नाही. सेंट-एतिएनमध्ये मात्र घराबाहेर पडलं की डोंगर तुम्हाला रोज तोच प्रश्न विचारतो.

रेशमाच्या व्यापारानिमित्त पॉल इंग्लंडला जायचा. तिकडचं कॉव्हेंट्री शहर हे रेशमी फितींचंही होतं आणि सायकलींचंही. १८८५ मध्ये तिथेच जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाकं, मधे पेडल, मागच्या चाकाला चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. पॉल गेला रेशमासाठी आणि जीव गुंतला सायकलीत. १८८७ मध्ये त्याने रेशमाचा धंदा विकून टाकला! सेंट-एतिएनमध्ये सायकलींचं दुकान काढलं आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केलं. पुढे ते ‘ल सिक्लिस्त’, म्हणजे सायकलस्वार, या नावाने गाजलं. चालता धंदा सोडून दुकान आणि मासिक! आपल्या घरी हे बोलून बघा, काय होतं ते कळेल.

१८८९ मध्ये त्याने स्वतःची सायकल तयार केली, तिचं नाव ‘ला गोल्वाझ’. चांगली सायकल होती, पण गिअर एकच. त्या एका गिअरने त्याची झोप उडवली. कारण साधं आहे. एक गिअर म्हणजे एकच तडजोड. सपाटीला सोयीचा गिअर ठेवला तर चढावर पाय जड होतात, आणि चढाला सोयीचा ठेवला तर सपाटीवर नुसते पाय भिरभिरतात, सायकल काही पळत नाही. पॉलने मग पुढे पेडलपाशी एकात एक अशी दोन दातेरी चक्रं बसवली. चढ आला की थांबायचं, खाली उतरायचं आणि हाताने चेन उचलून दुसऱ्या चक्रावर टाकायची. हात काळे, पण काम फत्ते. नंतर त्याने सायकलच्या डाव्या बाजूलाही अशीच दोन चक्रं बसवली. झाले चार गिअर! पुढे थांबावंच लागू नये म्हणून चालत्या सायकलवर चेन सरकवणाऱ्या यंत्रणेवर काम सुरू झालं. ही खटपट त्याची एकट्याची नव्हती, फ्रान्स-इंग्लंडमध्ये कित्येक कारागीर त्यामागे लागले होते. पण नवीन काही तयार झालं की ते डोंगरावर घेऊन जायचं, शेकडो किलोमीटर चालवायचं आणि काय मोडलं, काय टिकलं ते आपल्या मासिकात लिहायचं, हे काम वेलोसियोने केलं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो टेस्ट इंजिनिअरही होता आणि प्रोजेक्ट रिपोर्टही तोच लिहायचा. आणि रिपोर्ट कुणाचा तरी कॉपी केलेला नसायचा!

चेन एका चक्रावरून ढकलून दुसऱ्यावर टाकणाऱ्या यंत्रणेला फ्रेंचमध्ये नाव पडलं डेरायर, तेच आपलं डिरेलर. मूळ अर्थ रुळावरून घसरवणारा. चेनने आपल्या चक्रावरून हलायचं नाही, हा सायकलचा पहिला नियम. डिरेलरमध्ये तोच नियम मुद्दाम मोडला जातो. मला हे नाव फार आवडलं.

इथे या गोष्टीत दुसरा माणूस येतो. आँरी देग्रांज. हाही साधासुधा माणूस नव्हता. १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता. पुढे तो ‘लोटो’ या क्रीडा दैनिकाचा संपादक झाला आणि १९०३ मध्ये त्याने एक शर्यत सुरू केली. टूर द फ्रान्स! त्या पहिल्याच वर्षी शर्यतीचा दुसरा टप्पा वेलोसियोच्या कोल द ला रेपुब्लिक खिंडीवरून गेला. हजार मीटरच्या वर गेलेली टूरची ही पहिली खिंड.

वादाची ठिणगी मात्र आदल्या वर्षीच पडली होती. १९०२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरिनीज पर्वतात सायकलींची एक कसोटी ठेवली. वाटेत २,११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड होती. आज त्या खिंडीच्या अंगाखांद्यावर ला मोंजी नावाचं स्की स्टेशन आहे. हिवाळ्यात तिथे स्की आणि रस्ता खुला झाला की सायकली. तेव्हा मात्र कच्चा, खडबडीत रस्ता होता. म्हणजे खरं तर ते माउंटन बाइकिंगच होतं, फक्त सायकली बारीक टायरच्या. तिथे मार्त हेस नावाची एक बाई उतरली, तीन गिअरच्या गोल्वाझ सायकलवर. सायकलच्या इतिहासात असं सांगतात, की तिने डोंगरातली ती सगळी वाट एकदाही पाय जमिनीला न टेकता पार केली. नावाजलेले रेसर तेव्हा एकाच गिअरवर झगडत होते.

यावर देग्रांजने जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की गिअर वगैरे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांना ठीक आहेत. खऱ्या मर्दाने आपल्या स्नायूंच्या जोरावर जिंकावं, यंत्राच्या कारामतीवर नव्हे. आपण काय मऊ पडत चाललो आहोत का, अशी त्याची एकूण तक्रार. आणि तो नुसता बोलून थांबला नाही. टूरचे नियम त्याच्याच हातात होते. टूरच्या अव्वल रेसर्सना डिरेलर वापरता येईना.

मित्रांनो, हे वाक्य वाचून मी जरा जास्तच वेळ थांबले. आमच्या ब्रँचला मुली बोटांवर मोजण्याइतक्या. सुट्टीच्या दिवशी काही जण सायकली घेऊन घाटात जातात, मीही जाते. माझ्या सायकलला गिअर आहेत. तिथे गिअरवाल्या सायकलबद्दल जे विनोद होतात ते देग्रांजच्या म्हणण्यापेक्षा फार वेगळे नसतात. गिअर म्हणजे चीटिंग, गिअर म्हणजे लेडीज स्पेशल, वगैरे. भांडण्यापेक्षा मी हॉस्टेलवर येऊन कॅल्क्युलेटर काढला. वेलोसियोच्या बाजूने निकाल द्यायचा तर तो फिजिक्सनेच द्यावा!

समजा माणूस आणि सायकल मिळून वजन ८० किलो. चढ तुर्मालेसारखा, सात टक्क्यांचा. वेग ताशी ८ किलोमीटर. रस्त्याचं घर्षण आणि वारा सोडून दिला तरी नुसतं वर चढायला सुमारे १२२ वॅट लागतात. आता एकच गिअर घ्या. पुढे ४४ दात, मागे १६. पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.८ मीटर पुढे जाते. म्हणजे मिनिटाला जेमतेम २३ फेऱ्या, आणि पेडलवर सरासरी ३० किलोचा भार. तोही एकसारखा नसतो. पाय वर-खाली जाताना त्या दोन बिंदूंपाशी जोर जवळजवळ शून्य होतो, म्हणून मधल्या वेळात तो सरासरीच्या कितीतरी वर चढतो. दुसरीकडे पुढे ३० आणि मागे ३० दात घ्या. एका फेरीत २.१ मीटर, मिनिटाला साधारण ६३ फेऱ्या आणि पेडलवर सरासरी ११ किलो.

आता मुद्दा बघा. दोन्हीकडे वॅट तेवढेच, १२२! दोन्हीकडे उंची तेवढीच चढायची, म्हणजे कामही तेवढंच. गिअर एकही ज्यूल फुकट देत नाही. आपल्या फर्स्ट इयरच्या पुस्तकातला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुर्मालेवरही लागू होतो. गिअर फक्त एवढंच करतो, की मोठ्या जोराच्या थोड्या धक्क्यांऐवजी लहान जोराचे पुष्कळ धक्के मारू देतो. माणसाच्या स्नायूंना ते सोसतं. गुडघे टिकतात, श्वास टिकतो, आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू शकतो. मग यात चीटिंग कुठे आहे? डोंगराचा हिशोब चुकता झालाच. फक्त तो हप्त्यांनी चुकवला.

देग्रांजवर अन्याय नको, म्हणून त्याचीही बाजू सांगते. त्याला शर्यत माणसांची हवी होती, कारखान्यांची नव्हे. ज्याच्या कंपनीचं यंत्र भारी तो जिंकणार, असं होऊ नये ही त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. आजही खेळात हा वाद संपलेला नाही. पण वेलोसियो शर्यतीबद्दल बोलतच नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर होता ऑफिसातला कारकून, शाळामास्तर, गावातली बाई, साठीचा म्हातारा. या सगळ्यांना डोंगराच्या पलीकडे काय आहे ते बघता यावं, एवढंच त्याचं म्हणणं. देग्रांज विचारत होता, सगळ्यांत बलवान कोण? वेलोसियो विचारत होता, आणखी कोण कोण वर येऊ शकेल? प्रश्नच दोन वेगळे होते.

टूरच्या रेसर्सना या नियमाची किंमत मोजावी लागली. १९१० मध्ये टूर पहिल्यांदा तुर्मालेवर गेली. त्या वर्षीचा विजेता ऑक्टाव्ह लापीझसुद्धा त्या चढावर काही वाट सायकल ढकलत चालला. गुस्ताव्ह गारिगूने मात्र न उतरता तो चढ पार केला, म्हणून त्याला १०० फ्रँकचं खास बक्षीस मिळालं. म्हणजे बघा, आठ वर्षांपूर्वी मार्त हेस जे तीन गिअरवर करून गेली, त्यासाठी आता व्यावसायिक रेसरला बक्षीस द्यावं लागत होतं. नंतर एक जुगाड निघाला. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी चक्रं लावायची आणि चढाच्या पायथ्याशी थांबून, नट सैल करून, चाकच उलटं बसवायचं. थंडीत, पावसात, बर्फात बधिर झालेल्या बोटांनी ते नट फिरवताना काय होत असेल, कल्पना करा.

या वादाच्या काळात वेलोसियो काय करत होता? सायकल चालवत होता! शनिवार-रविवार तर सोडाच, रात्र-रात्र तो आणि त्याचे सोबती सायकलवर असायचे. ईस्टरच्या सुमाराला सेंट-एतिएनच्या डोंगरात अजून थंडी असायची. तेव्हा ही टोळी रोन नदीच्या खोऱ्याने दक्षिणेला उतरून प्रोव्हान्सच्या उन्हात जायची. तो त्यांचा वार्षिक रिवाज होऊन बसला. परतल्यावर मासिकात सविस्तर लेख. कुठला चढ, किती गिअर, काय खाल्लं, कुठे झोपलो. ते वाचून फ्रान्सभर लोक सायकली काढून डोंगराकडे निघाले. सायकलवरून भटकंती करणाऱ्यांची जी मोठी परंपरा फ्रान्समध्ये आहे, तिचा तो जनक मानला जातो.

माणूस तसा अवलियाच. शाकाहारी होता, आणि तोही फ्रान्समध्ये! जगाची एक भाषा असावी म्हणून निघालेल्या एस्पेरांतोचा पुरस्कर्ता होता. लांबच्या प्रवासासाठी त्याने सात नियम सांगितले, ते आजही सायकलवाले एकमेकांना सांगतात. थांबे कमी आणि छोटे घ्या. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. इतकं दमू नका की जेवण आणि झोप दोन्ही उडेल. थंडी वाजायच्या आधी कपडे चढवा आणि उकडायच्या आधी उतरवा. प्रवासात दारू, मांस, तंबाखू नको. ताकदीच्या पलीकडे जाऊ नका, विशेषतः सुरुवातीच्या तासांत, जेव्हा अंगात जोर असल्यासारखा वाटतो. आणि शेवटचा नियम, नुसत्या दिमाखासाठी पेडल मारू नका.

हा सातवा नियम म्हणजे देग्रांजला दिलेलं उत्तर आहे, असं मला वाटतं. एका गिअरचा आग्रह बऱ्याचदा दिमाखातूनच येतो. मी बघा कसा, काही मदत न घेता! ही वृत्ती सायकलपुरती नाही. हॉस्टेलवर रात्रभर जागून, कुणालाही न विचारता, एकच गणित चार तास सोडवत बसणारे हिरो आपल्याकडे कमी आहेत का? आणि सीनिअरला विचारलं, ट्युटोरिअलला गेलं, सोप्या पद्धतीने केलं, की लगेच तो कच्चा ठरतो. गणित त्यालाही करावंच लागतं, ज्यूल तेवढेच खर्च होतात, हे कुणी बघत नाही. आणि शेवटी आपण शिकतो ते यंत्रं बनवायलाच ना? मग यंत्राची मदत घेणाऱ्याला कमी लेखणारा इंजिनिअर म्हणजे औषधाला नावं ठेवणारा डॉक्टरच की!

१९२२ पासून सेंट-एतिएनमध्ये त्याच्या सन्मानार्थ ‘वेलोसियो दिन’ सुरू झाला. त्या दिवशी लोकांनी त्याच्यासोबत कोल द ला रेपुब्लिक चढायचं. नवशिके, जाणते, पुरुष, बायका, सगळे. वयाच्या सत्तरीतही तो स्वतः सायकल चालवत होता. एव्हाना डिरेलर बनवणारे कितीतरी कारखाने फ्रान्समध्ये उभे राहिले होते. भटक्यांनी ते केव्हाच स्वीकारले होते. राहिली होती ती फक्त टूर.

२७ फेब्रुवारी १९३०. वेलोसियो ७६ वर्षांचा होता. रोज सकाळी जुन्या ग्रंथांतलं काही वाचून दिवस सुरू करायची त्याची सवय होती. त्या दिवशी त्याने रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं मृत्यूविषयीचं पत्र वाचलं होतं, असं सांगतात. नंतर तो सायकल घेऊन बाहेर पडला. रस्त्यावर गर्दी होती म्हणून सायकल हातात धरून चालत होता. एका मोटारीला चुकवायला मागे सरला आणि ट्रामची धडक बसली. त्यातच तो गेला. कित्येक खिंडी, कित्येक उतार, रात्रीचे कच्चे रस्ते यांनी त्याला काही केलं नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर, सायकलवरून उतरलेला असताना, त्याला मरण आलं.

१९३६ मध्ये देग्रांज आजारपणामुळे टूरच्या कामातून बाजूला झाला. १९३७ मध्ये टूरने सगळ्या रेसर्सना डिरेलरची परवानगी दिली. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर वापरून जिंकला. मार्त हेसच्या त्या चढाईला तेव्हा ३५ वर्षं झाली होती आणि वेलोसियोला जाऊन सात. डिरेलर आल्यावर टूर सोपी झाली का? नाही. रेसर अजून वेगाने चढायला लागले, धापा तेवढ्याच राहिल्या. आणि त्या यंत्राच्या वारसांनीच पुढे क्रेस्टेड ब्यूटच्या डोंगरावर, स्की भिंतीला टेकवून ठेवलेल्या उन्हाळ्यात, जाड टायरच्या सायकली वर नेल्या. ज्युली फुर्टाडोसारख्या मुलीला, जिचे गुडघे स्कीने खराब केले, डोंगर पुन्हा मिळाला तो पेडल हलकं करणाऱ्या गिअरमुळेच. तिला पंचेचाळीस वर्षांची व्हायची वाट बघावी लागली नाही!

कोल द ला रेपुब्लिकच्या माथ्यावर वेलोसियोचं स्मारक आहे. तिथवर पोचायला शहरातून सहाशे मीटर चढावं लागतं. ८० किलोच्या हिशोबाने साधारण ४ लाख ७० हजार ज्यूल. एका गिअरवर गेलात तरी तेवढेच, सत्तावीस गिअरवर गेलात तरी तेवढेच. त्यामुळे वर पोचलेल्याला कुणी विचारू नये, की कुठल्या गिअरवर आलास. पाणी प्यायलास का, हे विचारावं. तहान लागायच्या आधी!